राजा दिनकर केळकर संग्रहालय

राजा दिनकर केळकर संग्रहालय हे पुणे शहराच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबाग परिसरात असलेले कलावस्तूंचे संग्रहालय आहे. कवी आणि संग्राहक दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०) यांनी सुमारे १९२० पासून जमवलेल्या खासगी संग्रहातून ते उभे राहिले. हा संग्रह वाढत गेला तसे घराचेच संग्रहालय होत गेले आणि १९६२ मध्ये त्याची उभारणी पूर्ण झाली. १९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तू एका वेळी मांडलेल्या असतात. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, खेळणी, वस्त्रे, चित्रे आणि कोरीव दारे-खिडक्या असे या संग्रहाचे स्वरूप असून बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. काही शिल्पे त्याहून बरीच जुनी आहेत.

नाव

संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ ही पदवी नाही. केळकर दांपत्याच्या एकुलत्या एका मुलाचे नाव राजा होते. तो बालपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहाला त्याचे नाव देण्यात आले आणि पुणेकरांच्या बोलण्यात ‘राजा केळकर संग्रहालय’ हे छोटे रूपच रुळले. बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांची पाटी वाचून हमखास फसगत होते. एखाद्या संस्थानिकाचा खजिना पाहायला मिळेल या अपेक्षेने ते आत शिरतात आणि समोर सांडशी, किसणी, विळी आणि शेवयांचे साचे पाहून चकित होतात. राजवाड्यातील वस्तू येथे अजिबात नाहीत असे नाही, पण संग्रहाचे मोठेपण घरगुती वस्तूंमध्ये आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची जी चळवळ उभी राहिली, तिचा भर कागदांवर होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे गोळा करीत होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. माळ्यावर पडलेले मोडी कागदांचे रुमाल वाण्याच्या पुड्या बांधण्यासाठी जाऊ नयेत, ही जाणीव या काळात सुशिक्षित वर्गात पसरली. मात्र त्याच माळ्यावरची पितळी समई, शिसवी फणेरपेटी किंवा हस्तिदंती सोंगट्या यांचाही इतिहास असतो, हा विचार फारसा कोणी करीत नव्हते. कागदाला साक्षीचे मोल होते. भांड्याला धातूच्या वजनाचे तेवढे मोल असे.

वस्तू नष्ट होण्याची कारणे अनेक होती. पेशवाई बुडाल्यानंतर सरदार घराण्यांचे उत्पन्न घटत गेले आणि मोठे वाडे सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर हा वेग वाढला. १९४८ मध्ये दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थाने विलीन झाली, त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळकायदा आला, पुढील दशकात इनामे रद्द झाली. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील कित्येक वाडे भस्मसात झाले आणि अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आली. दोन खोल्यांत घंगाळ ठेवायचे कोठे, हा प्रश्न वरवर किरकोळ असला तरी मराठी घरांतील धातुकामाचा बराच मोठा भाग या एका प्रश्नापायी नाहीसा झाला. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली. त्यांना कल्हई लागत नव्हती, ती चिंच-राखेने घासावी लागत नव्हती. तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन स्टीलची घेणे हा गृहिणीच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचा व्यवहार होता. मोडीत गेलेली वस्तू थेट भट्टीत जाई.

पुण्यात यात भर पडली ती पुराची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील माती-विटांचे आणि लाकडी चौकटीचे शेकडो वाडे त्या एका दिवसात कोसळले किंवा राहण्याजोगे उरले नाहीत. पुरानंतर अनेक ठिकाणी नव्या बांधणीच्या इमारती उभ्या राहिल्या. केळकरांचा संग्रह यापूर्वीच चार दशकांचा झाला होता. परंतु त्याचे संग्रहालय पुरे झाले ते पुराच्या पुढल्याच वर्षी. ज्या घरांतून अशा वस्तू येत असत ती घरेच शहराच्या डोळ्यांदेखत नाहीशी होत असताना हे घर उघडले गेले, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

दिनकर केळकर

केळकरांची मराठी वाचकांना झालेली पहिली ओळख कवी म्हणून होती. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या. ‘महाराष्ट्र-शारदा’ हा आधुनिक मराठी कवींच्या निवडक कवितांचा संग्रह त्यांनी संपादित केला. विखुरलेल्या गोष्टी शोधून एकत्र आणणे, त्यांची निवड करणे आणि त्यांना क्रम लावणे ही संपादकाची सवय त्यांनी पुढे वस्तूंकडे वळवली, असे त्यांच्या दोन्ही कामांकडे एकत्र पाहिले असता म्हणता येते.

उपजीविकेसाठी त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ते श्रीमंत नव्हते. भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिलेले बहुतेक मोठे खासगी संग्रह संस्थानिकांचे, दिवाणांचे किंवा गिरणीमालकांचे होते. हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांचा संग्रह किंवा मुंबईच्या संग्रहालयाला मिळालेले सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाई देवीच्या डोंगरावर संग्रहालय बांधले, तेव्हा त्यांच्यामागे लहानसे का होईना, एक संस्थान होते. केळकरांच्या मागे दुकानाच्या गल्ल्याखेरीज काही नव्हते. त्यामुळे ज्या वस्तूंसाठी श्रीमंत संग्राहक स्पर्धा करीत नाहीत अशा वस्तूंकडे त्यांचे लक्ष जाणे काही अंशी अपरिहार्यही होते. लघुचित्रांचा बाजार तेव्हाही महाग होता. पाय घासण्याच्या वज्रीला गिऱ्हाईक नव्हते.

पत्नी कमलाबाई यांचा या कामातील वाटा दुहेरी आहे. संग्रहाच्या खर्चासाठी त्यांनी आपले दागिने मोडल्याची हकिगत पुण्यात सर्वश्रुत आहे. याशिवाय शेकडो वस्तूंनी भरत चाललेल्या घरात संसारही त्यांनाच करायचा होता. मुलाच्या मृत्यूनंतर पतिपत्नींनी या कामात स्वतःला अधिकच गुंतवून घेतले. केळकरांनी वस्तूंच्या शोधात महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतातही प्रवास केला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्मान्य पदवी दिली. ते ९४ वर्षे जगले आणि त्यांतील जवळजवळ ७० वर्षे संग्रहाच्या कामात गेली.

घर ते संग्रहालय

संग्रहालयाची तीन मजली वास्तू ही मुळात संग्रहालय म्हणून आखलेली नाही. सार्वजनिक संग्रहालयांची रुंद दालने, उंच छत आणि मधोमध ठेवलेल्या काचपेट्या यांची सवय असलेल्या प्रेक्षकाला येथील अरुंद जिने आणि लहान खोल्या प्रथम गैरसोयीच्या वाटतात. बाहेरून व आतून बसवलेल्या कोरीव लाकडी दारे-खिडक्या, झरोके आणि कमानी यांमुळे इमारतीला राजस्थानी-गुजराती हवेलीची कळा आली आहे. ही दारे-खिडक्या केवळ सजावट नव्हेत, त्याही संग्रहातील वस्तूच आहेत. भिंत कोठे संपते आणि प्रदर्शन कोठे सुरू होते, हे काही ठिकाणी सांगता येत नाही.

मांडणीचे तत्त्व प्रकारवार आहे. एका प्रकारच्या अनेक वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या जातात. ऑक्सफर्ड येथे १८८४ मध्ये स्थापन झालेले पिट रिव्हर्स संग्रहालय याच पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. या मांडणीचा गुण असा की, एक अडकित्ता पाहताना जे दिसत नाही ते पन्नास अडकित्ते पाहताना दिसते. काम एकच, सुपारी कातरणे. पाते, दांडा आणि सांधा हे भागही ठरलेले. तरीही कोणा कारागिराला दांड्यांत घोडा दिसला, कोणाला पोपट, कोणाला मिठीतले युगुल. दोष असा की, वस्तू कोणत्या गावातून, कोणाच्या घरातून आणि कोणत्या कारागिराच्या हातून आली याकडे लक्ष कमी जाते. संग्राहकाने स्वतः जमवलेल्या बहुतेक संग्रहांत ही माहिती त्याच्या स्मरणात अधिक आणि नोंदवहीत कमी असते. अशा नोंदी नसतील तर वस्तूचा काळ आणि प्रदेश तिच्या घडणीवरून ठरवावा लागतो.

घरातच संग्रहालय करण्याचे जगातील एक जुने उदाहरण म्हणजे लंडनमधील सर जॉन सोन यांचे घर. हयातीतच १८३३ मध्ये त्यांनी ब्रिटिश संसदेकडून कायदा करून घेतला आणि आपल्या मृत्यूनंतर घर व संग्रह शक्यतो आहे त्याच अवस्थेत राखण्याची तरतूद केली. भारतात सालारजंग संग्रहालयाचा आरंभही घरातच झाला. १६ डिसेंबर १९५१ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ते दिवाण देवडी या सालारजंगांच्या निवासस्थानात उघडण्यात आले. मात्र १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलले. अशा संग्रहांसमोर आज ना उद्या हे दोन मार्ग येतात: घराला धरून राहणे किंवा घर सोडणे. केळकर संग्रहालय अद्याप घराला धरून आहे.

संग्रह

संग्रहातील दिव्यांचा विभाग विशेष समृद्ध आहे. समया, निरांजने, आरत्या, लामणदिवे, हातात पणती धरलेल्या दीपलक्ष्मी, मोर, हंस आणि हत्ती यांच्या आकारांचे दिवे असे त्यात अनेक प्रकार आहेत. साखळीने टांगलेल्या पक्ष्याच्या आकाराच्या लामणदिव्याची रचना पाहण्यासारखी असते. या जातीच्या काही पारंपरिक दिव्यांत पक्ष्याच्या पोकळ पोटात तेल साठवलेले असते. खालच्या ताटलीतील तेल जळून पातळी उतरली की नळीचे तोंड उघडे पडते, आत हवा शिरते आणि तेवढेच तेल खाली येते. पातळी पुन्हा चढताच हवेची वाट बंद होऊन तेल थांबते. रात्रभर कोणी न उठता दिवा तेवत ठेवण्याची ही युक्ती ओतकाम करणाऱ्या कारागिरांना हवेच्या दाबाचे पाठ्यपुस्तक न वाचता अवगत होती.

विड्याशी निगडित वस्तू हा दुसरा मोठा गट. अडकित्त्यांखेरीज पानपुडे, चुन्याच्या डब्या, लवंग-वेलदोड्यांसाठी कप्पे असलेले डबे, पिकदाण्या, अत्तरदाण्या आणि गुलाबदाण्या त्यात येतात. एके काळी विडा देणे हा आदरातिथ्याचा आणि दरबारी रीतीचा भाग होता. निरोप देणे, मोहिमेची जबाबदारी सोपवणे, लग्न ठरवणे या सर्व प्रसंगी विडा लागे. ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार भाषेत राहिला, पण त्यामागील तबके आणि डबे घरांतून गेले. ते पाहायचे झाल्यास आता अशा संग्रहालयात यावे लागते.

स्वयंपाकघरातील वस्तूंमध्ये विळ्या, किसण्या, नारळ खवण्याच्या खवण्या, शेवेचे सोरे, शेवयांचे साचे, झारे, ओगराळी, रव्या आणि मसाल्याची पाळी आहेत. त्यांची घडण पाहिली की लक्षात येते ते असे की, सौंदर्य हे कामाच्या आड येत नाही. किसणीचा उपयोगाचा भाग म्हणजे तिची भोके, आणि कारागीर ती भोकेच नक्षीत पाडतो. विळीची बैठक मासा किंवा कासव होते, परंतु पाटावर बसलेल्या बाईच्या पायाखाली ती घट्ट राहिली पाहिजे ही अट सुटत नाही. महाराष्ट्रात अशा भांड्यांसाठी पुणे आणि नाशिक येथील तांबट व कासारांचा लौकिक होता. अशी वस्तू घडवणाऱ्याचे नाव क्वचितच कोठे कोरलेले असते. घेणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक भांड्यांवर असते, कारण लग्नामुंजीच्या जेवणावळीसाठी भांडी एकमेकांना उसनी दिली जात आणि ती परत ओळखू येणे आवश्यक होते.

स्त्रियांच्या वापरातील वस्तूंत कुंकवाचे करंडे, फणेरपेट्या, लाकडी व हस्तिदंती फण्या, काजळाच्या डब्या, आरसे, दागिने आणि वज्री आहेत. वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासण्याचे साधन. तिचा तळ खरखरीत असतो आणि पाठीवर पितळी पक्षी किंवा प्राणी बसवलेला असतो. आज न्हाणीघरात प्लास्टिकचा ब्रश असतो, त्यामुळे काचपेटीतली वज्री पाहून तरुण प्रेक्षकांना ते खेळणे वाटते.

खेळांच्या विभागातील गंजिफा लक्षणीय आहे. गोल आकाराची ही हाताने रंगवलेली पाने मराठी प्रदेशात सावंतवाडीला आजही तयार होतात. मोगल गंजिफात आठ रंगांची मिळून ९६ पाने असतात, तर दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा, अशी १२० पाने असतात. सारीपाट, सोंगट्या, फासे, बुद्धिबळाची मोहरी आणि लाकडी खेळणी हेही येथे आहेत.

वाद्यांच्या दालनात तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि चर्मवाद्ये यांचा मोठा संच असून दरबारी आणि लोकवाद्ये शेजारी ठेवलेली आहेत. मोराच्या आकाराचे ताऊस, म्हणजेच मयूरवीणा, हे प्रेक्षकांचे आवडते वाद्य आहे. पखवाज आणि तंबोरा यांच्याजवळच गोंधळ्याचे संबळ आणि तुणतुणे पाहता येते. मैफलीत ही वाद्ये क्वचितच एकत्र येतात. काचेआडच्या वाद्याची एक अडचण आहे. ते दिसते, पण वाजत नाही. आणि वाद्य वापरात नसले की त्याचे चामडे आणि तारा लवकर निकामी होतात.

चित्रांमध्ये लघुचित्रे, काचचित्रे आणि पैठणची चित्रकथी चित्रे आहेत. काचचित्रात रंग काचेच्या मागल्या बाजूने लावतात आणि ते पुढून पाहतात, म्हणून चित्रकाराला उलट्या क्रमाने काम करावे लागते. इतर चित्रांत जे शेवटी येते, म्हणजे डोळ्यांची रेघ, दागिने, वस्त्राची जर, ते येथे आधी काढायचे आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. चूक झाली तर ती वरून झाकता येत नाही. चित्रकथी चित्रे ही रामायण-महाभारतातील प्रसंग एकेक पान दाखवत गाऊन सांगण्यासाठी असत. पैठणला सापडलेल्या चित्रांमुळे त्यांना ‘पैठणची चित्रे’ हे नाव पडले, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला टिकवून ठेवली आहे. मोठे डोळे, उठावदार रेघ आणि मोजके रंग यांनी ती लांबूनही ओळखू येतात. रात्रीच्या उजेडात बसलेल्या श्रोत्यांना दिसावीत यासाठीच ती तशी काढलेली होती. या चित्रांच्या अभ्यासकांसाठी केळकर संग्रह हे महत्त्वाचे साधन ठरले आहे.

याखेरीज दौती, कलमदाने, हुक्के, शस्त्रे, बाहुल्या, वस्त्रे आणि कुलपे आहेत. विंचवाच्या आकाराचे कुलूप त्यांत बरेच प्रसिद्ध आहे.

मस्तानी महाल

मस्तानी महाल हा संग्रहालयातील सर्वाधिक गर्दीचा भाग होय. पहिल्या बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी १७३४ मध्ये कोथरूड येथे निवासस्थान बांधले होते. ती जागा सध्याच्या कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वर मंदिराच्या परिसरात होती. १७४० मध्ये बाजीराव आणि पाठोपाठ मस्तानी यांचा मृत्यू झाला. मस्तानीची कबर पाबळ येथे आहे. पुढे तिच्या वास्तूची दुर्दशा झाली. उरलेले लाकडी खांब, कमानी व छताचे भाग केळकरांनी मिळवले आणि आपल्या संग्रहालयात त्यांची पुन्हा जुळणी करून दालन उभे केले.

हे दालन पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. केळकरांनी ते अवशेष आणले नसते तर त्या वास्तूचे काही उरले असते असे मानायला आधार नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाल्यामुळे मस्तानीच्या पुण्यातील वास्तव्याची दृश्य खूण म्हणून हे लाकूडकाम जवळजवळ एकटेच आहे. दुसरीकडे, घर आपल्या जमिनीवरून उचलले की त्याचे अंगण, उजेडाची दिशा, रस्त्याशी आणि नदीशी असलेले नाते ही सर्व माहिती पुसली जाते. चार खांबांवरून मूळ घर किती मोठे होते याचा अंदाज बांधणे कठीण होते. वास्तूचे भाग जतन करणाऱ्या जगातील सर्व संग्रहालयांना हा आक्षेप लागू पडतो. कोथरूडच्या बाबतीत मूळ जागी राखण्याचा पर्याय त्या काळी कोणी पुढे केला नव्हता.

शासनाकडे सुपूर्द

खासगी संग्रहाचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे संग्राहकाच्या मृत्यूनंतरची काही वर्षे. वारसांत वाटणी होते, जागेची किंमत वस्तूंच्या किमतीहून वाढते, आणि संग्रह तुकड्यातुकड्यांनी बाजारात जातो. केळकरांनी हा प्रश्न हयातीतच सोडवला. १९७५ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी संग्रह राज्याच्या पुरातत्त्व विभागाला दिला. त्यानंतरही पंधरा वर्षे ते हयात होते.

याच सुमारास देशातील कायदाही बदलत होता. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व एप्रिल १९७६ पासून अमलात आला. या कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. ठरावीक प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी मालकाला करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिल्पे आणि चित्रे यांच्या चोरट्या निर्यातीला आळा घालणे हा कायद्याचा मुख्य हेतू होता. अडकित्ता किंवा किसणी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलेला नाही. घरगुती वस्तूंना धोका तस्करापेक्षा भंगारवाल्याकडून अधिक होता आणि त्यावर कोणताही कायदा चालत नव्हता.

संग्रहाकडे कलाजगताचे लक्ष पुढील काही वर्षांत वेधले गेले. मुंबईच्या ‘मार्ग’ प्रकाशनाने १९७८ मध्ये या संग्रहालयातील रोजच्या वापरातील कलावस्तूंवर सचित्र पुस्तक काढले. १९८१ मध्ये सुरेंद्र पटेल यांनी अहमदाबादजवळ ‘विशाला’ येथे ‘विचार’ हे भांड्यांचे संग्रहालय उघडले. रोजच्या भांड्याला संग्रहालयात जागा आहे ही कल्पना तोवर देशात रुजू लागली होती.

जागेचा प्रश्न

वीस हजारांतील अडीच हजार म्हणजे दर आठ वस्तूंमागे एकच प्रेक्षकांसमोर असते. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत साठ्याचा थोडाच भाग मांडलेला असतो, त्यामुळे हे प्रमाण जगावेगळे नाही. फरक साठवणीच्या जागेचा आहे. पेठेतील तीन मजली घराला वाढायला वाव नसतो. लाकूड, कापड, कागद, चामडे, हस्तिदंत आणि धातू यांना निरनिराळे तापमान आणि आर्द्रता लागते. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, तर कडक उन्हाळ्यात हस्तिदंताला चिरा जातात. घर म्हणून बांधलेल्या वास्तूत या सर्वांची सोय एकाच वेळी करणे अवघड आहे. जिने अरुंद असल्यामुळे शाळांच्या सहली, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक यांच्या अडचणी वेगळ्याच.

यावर उपाय म्हणून पुण्याच्या पश्चिमेला बावधन येथे ‘संग्रहालय नगरी’ उभारण्याची योजना आखण्यात आली. त्यासाठी शासनाने जमीन दिली. साठ्यातील वस्तूंसाठी प्रशस्त दालने आणि अभ्यासाच्या सोयी असे तिचे स्वरूप आहे. योजनेच्या बाजूने बोलणारे साठ्यात पडून राहणाऱ्या वस्तूंकडे बोट दाखवतात. शुक्रवार पेठेतील घराची सवय झालेल्यांना वाटते की, घराबाहेर पडल्यावर ही मांडणी इतर कोणत्याही सरकारी संग्रहालयासारखी दिसू लागेल. मुंबईत जहांगीर निकल्सन (मृत्यू २००१) यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाबाबत वेगळा तोडगा निघाला. संग्राहकाच्या नावाचे प्रतिष्ठान स्वतंत्र राहिले आणि २०११ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत त्याला दालन मिळाले. चित्रे कोणत्याही चांगल्या भिंतीवर टांगता येतात. समई, विळी आणि देवडीचे दार यांना घराची सोबत अधिक लागते.

संग्रहालय प्रेक्षकांना शुल्क आकारून पाहता येते. एका फेरीत सर्व दालने नीट पाहून होत नाहीत.